डुकराचं नाक, झटक्याची तार आणि बांधावरच्या साड्या



जनावरांचे डॉक्टर येणार म्हटलं की गोठ्यात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. डॉक्टर अजून देवळाच्या वळणावर असतात. त्यांच्या फटफटीचा आवाज येतो आणि म्हैस कान टवकारते, दाव्याला हिसके देते, गव्हाणीपासून मागं सरकते. सुई अजून पिशवीत आहे, पिशवी अजून गाडीला आहे, पण म्हशीच्या लेखी सुई टोचून झालेली असते. आमच्या एका मावशींच्या म्हशीनं तर सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांना बघून गोठा डोक्यावर घेतला होता, कारण त्यांची गाडीही डॉक्टरांच्या गाडीसारखीच वाजत होती. सोयरीक जमली, ती गोष्ट वेगळी.

म्हशीला तारीख-वार कळत नाही. पण कशाच्या मागून काय येतं, हे तिला पक्कं कळतं. आज आम्ही याच गोष्टीवर बोलणार आहोत. गेल्या वर्षी ही गोष्ट आम्हाला कळली नाही आणि आमच्या गटाचा भुईमूग रानडुकरांनी खाल्ला.

आम्ही शिराळा तालुक्यातल्या, चांदोलीच्या बाजूच्या. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल राखलं गेलं हे चांगलंच झालं, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण जंगलाच्या कडेला ज्यांचं रान आहे त्यांना गवा आणि डुक्कर हे शेजारी म्हणून मिळाले. हेच दुखणं पाटणच्या मैत्रिणींचं, आणि सागरेश्वरच्या आसपास देवराष्ट्र्याकडं हरणांचं. ज्यांच्या रानात पडतं त्यांनाच त्याची झोप कळते.

आम्ही अकरा जणी मिळून दीड एकर रान खंडानं घेतो. गेल्या वर्षी शेंगा केल्या होत्या. आधीच्या वर्षी डुकरांनी त्रास दिला म्हणून गटाच्या पैशातून झटका मशीन आणली. सौर पत्रा, १२ व्होल्टची बॅटरी, तार, खांब, सगळं मिळून १८ हजार गेले. गटाच्या बैठकीत यावर बरीच भांडणं झाली. दोघी म्हणाल्या, त्या पैशात शेळ्या आल्या असत्या. आम्ही त्यांना गप्प केलं, आणि त्याची आम्हाला नंतर लाज वाटली.

मशीन ज्यानं विकली त्यानं सांगितलं, रात्रीची तेवढी लावा, बॅटरी वाचते. आम्हाला पटलं. आम्ही जेवणं आटोपून कुणीतरी रानात जायचं आणि बटण दाबायचं असं ठरवलं. पहिले आठ दिवस एकही डुक्कर आत आलं नाही. मग श्रावण-भाद्रपदातला आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, सूर्य दिसत नाही. पत्र्यावर ऊन नाही, बॅटरी बसली. एक रात्र चालू, दोन रात्री बंद, असं सुरू झालं. गौरी आल्या त्या दिवशी तर रानाकडं कुणी फिरकलंच नाही. गौरी जेवल्या त्या रात्री डुकरंही जेवली. त्यानंतर मशीन नीट चालू असतानासुद्धा ती येत राहिली. झटका लागला की ओरडायची, आणि तसंच तारेखालून आत घुसायची. दसऱ्याला आम्ही जे काढलं ते बियाण्याइतकंही नव्हतं.

सगळे म्हणाले मशीन खोटी निघाली. मशीन खोटी नव्हती. आम्हीच डुकरांना शिकवलं होतं, आणि जे शिकवायचं त्याच्या उलटं शिकवलं होतं.

हे आम्हाला कसं कळलं, तर आमच्यातल्या एकीची मुलगी कऱ्हाडला कॉलेजात मानसशास्त्र शिकते. ती सुट्टीला आली आणि आमचं रडगाणं ऐकून म्हणाली, आई, हे आमच्या पुस्तकात आहे. तिनं ओट्यावर बसून जे सांगितलं ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सॉलोमन आणि विन या दोघांनी १९५३ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग केले. एक पेटी, मध्ये आडवी फळी, फळीच्या दोन्ही बाजूंना कप्पे. कुत्रा एका कप्प्यात. वरचा दिवा जायचा आणि दहा सेकंदांनी खालच्या जाळीत वीज यायची. कुत्रं आधी केकाटायचं, धडपडायचं, शेवटी फळीवरून उडी मारून पलीकडं जायचं. थोड्याच वेळात ते शिकायचं, की दिवा गेला की लगेच उडी मारायची, झटका लागायच्या आतच. मग त्या शास्त्रज्ञांनी वीज कायमची बंद केली. दिवा जायचा, पण झटका नाही. तरी कुत्रं उड्या मारत राहिलं. शेकडो उड्या. त्याला वीज गेल्याचं कळणार कसं? ते थांबून बघतच नव्हतं. प्रयोग निर्दय होता, आमच्यातल्या एकीनं तर ऐकताना पदर कानावर घेतला. पण त्यातली गोष्ट खरी आहे.

आता आमच्या डुकरांनी त्या कुत्र्यांसारखं का केलं नाही? बंद तारेलाही ती का घाबरली नाहीत? दोन कारणं.

पहिलं म्हणजे कुत्र्याला खूण होती. दिवा जाणं ही खूण, आणि खुणेच्या मागून झटका, दर वेळी. आमच्या डुकराला खूण कुठली? काळोखात बारीक तार. डुकराची नजर अधू असते, त्याचा सगळा संसार नाकावर चालतो. तार त्याला दिसत नाही. झटका लागतो तेव्हा कुठून लागला हे त्याला कळतच नाही.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. कुत्र्याला फळीच्या अलीकडं थांबून काही मिळणार नव्हतं. आमच्या डुकराला तारेच्या पलीकडं भरलेल्या शेंगा होत्या. आणि त्या त्याला कधी मिळायच्या, कधी नाही.

इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. स्किनर नावाचे एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर वर्षानुवर्षं काम केलं. कबुतरानं एका चकतीवर चोच मारली की दाणा. दर टोचीला दाणा दिला आणि मग एक दिवस दाणे बंद केले, तर कबुतर थोडा वेळ टोचतं आणि सोडून देतं. पण दाणा कधीमधी दिला, कधी पाच टोचींनी, कधी पन्नास टोचींनी, आणि मग बंद केला, तर ते कबुतर हजारो वेळा टोचत राहतं. कधीतरी मिळतंच, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. जत्रेत सोरट लावणारा माणूस आठवा. त्याला दर वेळी बक्षीस मिळत नाही, म्हणून तर तो उठत नाही. दर वेळी हरला असता तर पहिल्याच दिवशी घरी गेला असता.

शिक्षेचं याच्या उलट आहे. दर वेळी, त्याच क्षणी मिळालेली शिक्षा जनावराला लवकर थांबवते. कधी मिळाली, कधी नाही, तर जनावर थांबत नाही, ते सोसायला शिकतं. आम्ही काय केलं होतं? झटका कधीमधी आणि शेंगाही कधीमधी. दोन्हीकडून डुकराला हट्टी करायचं औषधच दिलं होतं. आठ दिवस चांगले गेल्यावर जर मशीन एकही रात्र बंद पडली नसती, तर बहुतेक ती वाट त्यांनी सोडली असती.

या वर्षी आम्ही काय बदललं ते सांगतो.

तार पेरणीच्या वेळीच ओढली. शेंगा भरायच्या आधी, म्हणजे आत यायला फारसं कारण नसताना डुकरानं तारेची ओळख करून घ्यावी. एकदा शेंगांची चव लागली की मग झटका फिका पडतो. मशीन दिवसरात्र चालू. डुकरं तिन्हीसांजेला आणि पहाटेही निघतात, गेल्या वर्षी आमची जेवणं होईपर्यंत त्यांची पहिली फेरी झालेली असायची. पावसाळ्यासाठी दुसरी बॅटरी घेतली, एक रानात, एक घरी चार्जिंगला.

खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर, दुसरी दीड फुटावर, आणि गव्यासाठी एक छातीच्या उंचीवर. वीतभर का? तर ते डुकराचं नाक. नाक ओलं असतं, तिथं झटका नीट बसतो, आणि नाकाला लागलं की जनावर मागं हटतं. तार जर पाठीला लागली, तर राठ केसांतून झटका नीट पोचत नाही, आणि पोचला तरी जनावर पुढंच उसळी घेतं. गेल्या वर्षी आमची खालची तार गुडघ्याएवढी उंच होती. डुकरं नाक खाली घालून अर्धी आत यायची आणि मग पाठीवर झटका खायची. म्हणजे आम्ही झटका देऊन त्यांना आत ढकलत होतो!

तारेखालचं गवत दर आठवड्याला काढतो. ओलं गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत जाते आणि डुकराला काहीच उरत नाही. जमिनीत पुरायच्या सळया, म्हणजे अर्थिंग, एकाऐवजी तीन केल्या. माण-खटाव, जत-आटपाडीच्या मैत्रिणींनी हे नीट ऐकावं. तुमच्याकडची माती कोरडी, मुरमाड. झटक्याची वीज जनावराच्या पायातून जमिनीत उतरून सळईवाटे मशीनकडं परत गेली तरच झटका बसतो. माती कोरडी ठाक असेल तर मशीन टकटक वाजते पण तारेत दम नसतो. सळईच्या बुडाशी घागरभर पाणी ओतत जा.

आता साड्या. आपल्याकडं बांधावर जुन्या साड्या बांधायची रीत आहेच. डुकरं चार दिवस बिचकतात, मग सरावतात. बुजगावण्याचं तेच, फटाक्यांचं तेच, वाघाची डरकाळी वाजवणाऱ्या भोंग्याचंही तेच. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडायचं आणि लांडगा यायचाच नाही, तर कोण ऐकणार? खुणेच्या मागून काही आलं नाही की ती खूण मरते. गेल्या वर्षी आमच्या साड्या तारेच्या आत होत्या. या वर्षी त्या तारेच्या बाहेर, दोन हात अंतरावर बांधल्या. आधी नाकाला साडी लागते, दोन पावलांवर झटका. म्हशीच्या बाबतीत आधी फटफटी, मग सुई, तसंच. खूण आधी आली पाहिजे आणि झटका तिच्या पाठोपाठ. साडी ओली होऊन तारेला टेकणार नाही एवढं मात्र बघायचं.

आणखी एक उद्योग केला. अमेरिकेत हरणांसाठी शेतकरी तारेला पातळ पत्र्याचे तुकडे लावून त्याला शेंगदाण्याचं लोणी फासतात. हरीण चाटायला येतं, जिभेला झटका बसतो, आणि परत फिरकत नाही. आम्ही दाण्याचं कूट गुळात कालवून लावलं. डुकरांचं ठाऊक नाही, पण गावातल्या दोन कुत्र्यांनी धडा घेतला आणि आता ती आमच्या बांधाच्या वाटेलाही जात नाहीत.

या वर्षी शेंगा निघाल्या. सगळ्या नाहीत. ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाण्यानं खांब कलला होता, तिथून एका रात्रीत चार सऱ्या गेल्या. पण बाकी रान राखलं गेलं. हे साड्यांनी झालं, खालच्या तारेनं झालं की दुसऱ्या बॅटरीनं, ते आम्ही वेगवेगळं सांगू शकत नाही. सगळं एकदमच केलं होतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. झटका मशीनची वीज वेगळी. ती साधारण सेकंदाला एकदा, डोळ्याची पापणी लवायच्याही आत येऊन जाते, म्हणून जनावर घाबरतं पण मरत नाही. काही जण मोटारीच्या पेटीतून थेट २३० व्होल्टची वीज तारेत सोडतात. ती सोडत नाही, धरून ठेवते. तिनं डुक्कर मरतं, गवा मरतो, रात्री पाणी पाजायला गेलेला माणूस मरतो. तो गुन्हा आहे. आणि मेलेलं डुक्कर काही शिकत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरं येतं. झटका मशीनच्या तारेलाही पाटी लावा, पोरांना सांगून ठेवा, आणि कुणाच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलेलं असेल त्यांना तारेपासून लांब ठेवा.

उंदरांचंही थोडं सांगतो, कारण घरात प्रत्येकीला ते पुरतं. उंदीर नवीन खाणं आधी चाखून बघतो. चाखल्यावर पोटात दुखलं, तर तासाभरानंतर दुखलं तरी तो त्या चवीला धरतो आणि पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवायच्या आधी दोन-तीन दिवस तेच खाणं औषधाशिवाय ठेवतात, म्हणजे तो पोटभर खायला येतो. एकदा वाचलेल्या उंदराला तेच औषध लगेच पुन्हा देऊन उपयोग नसतो. ते औषध माणसाला फार घातक आहे, पिठाच्या डब्याजवळ तर मुळीच नको. पोरींच्या हाती लागेल असं तर नकोच नको.

कऱ्हाडच्या पोरीनं आणखी एक प्रयोग सांगितला, आणि त्या रात्री ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. जे वाइस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७० च्या आसपास उंदरांवर तो केला. दोन उंदीर. दोघांना शेपटीला झटका, सारखाच, सारख्याच वेळा. फरक एवढाच, की एकाला झटक्याच्या आधी शिट्टी ऐकू यायची. दुसऱ्यालाही शिट्टी यायची, पण कधीही, झटक्याशी तिचा संबंध नाही. नंतर पोटं तपासली. ज्याला खूण मिळत होती त्याच्या पोटात थोडेसेच व्रण. ज्याला खूण नव्हती त्याच्या पोटात कितीतरी जास्त. झटके सारखेच बसले होते. पहिल्याला शिट्टी नाही म्हणजे आता निवांत असं कळायचं, आणि तेवढ्या वेळात तो अंग सैल सोडायचा. दुसऱ्याला निवांत अशी वेळच नव्हती.

आणि १९५३ मध्येच मरे सिडमन यांनी उंदरांना खूणच दिली नाही. फक्त कळ दाबली की पुढचा झटका काही सेकंद लांबायचा. उंदीर शिकले. कळ दाबत राहिले, दाबत राहिले, थांबलेच नाहीत.

आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे आपली अमकी." नाव तिनं घेतलं, आम्ही घेणार नाही. त्या घरात मालक कधी चिडेल याचा नेम नाही. भाजी आळणी झाली म्हणून चिडत नाही आणि नीट झाली म्हणून हसत नाही. पिऊन आला तरी कधी गप्प असतो, न पिता कधी ताट फेकतो. ती बाई दिवसभर काहीतरी पुसत असते, आवरत असते. आम्ही तिला चिडवायचो, किती गं तुझी साफसफाई! दवाखान्यात ती पोट जळतं म्हणून जाते, गोळ्या आणते, पुन्हा जाते. आम्हाला वाटायचं उपास फार करते. ती कळ दाबत होती.

माणूस म्हणजे उंदीर नाही, आणि पोट जळायची कारणं पन्नास असतात, हे आम्हालाही कळतं. पण त्या दिवसापासून आम्ही तिला चिडवणं बंद केलं. एके दिवशी शेंगा फोडायला म्हणून बोलावलं आणि विचारलं. तिनं सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं. तिला आम्ही दोन गोष्टी दिल्या. एक, १८१ हा बायकांसाठीचा मदतीचा नंबर, आणि मारहाण चालू असेल तेव्हा ११२. दुसरी, आमच्यातल्या एकीच्या घराची किल्ली. त्या घरी ती कधीही येऊन बसू शकते, कारण न सांगता. आठवड्यातून दोनदा येते. येते आणि झोपते. आम्ही कुणी उठवत नाही.

डुकरांकडं परत येतो, वेळ थोडा राहिला आहे. नॉर्वे देशात शेळ्यांच्या गळ्यात पट्टा बांधतात. तार नाही, वाघर नाही. ठरवलेल्या हद्दीजवळ शेळी गेली की पट्टा आधी वाजतो, हळू आवाजातून चढत चढत. तेवढ्यावर शेळी वळली तर काही नाही, पुढंच गेली तर बारीक झटका. थोड्याच दिवसांत बहुतेक शेळ्या आवाजावरच वळायला शिकतात, झटका खायची वेळ फारशी येत नाही. आमच्यातल्या शेळ्यावाल्या दोघी हे ऐकून म्हणाल्या, बघा, आम्ही म्हणत होतो शेळ्या घ्या. यंदाच्या शेंगांच्या पैशातून आधी त्यांच्या दोन शेळ्या घ्यायचं ठरलं आहे.

ज्यांना तार करायची आहे त्यांनी एकेकटीनं कर्ज काढू नका. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. तुमचं गाव त्यात बसतं का आणि यंदाच्या अटी काय, ते तुमच्या वनरक्षकांना विचारा. घेताना दुकानदाराकडून तारेतला दाब मोजायचं यंत्रही मागून घ्या. गवताचं पातं लावून बघायचं, हे असले प्रकार करू नका. आमच्याकडं रोज संध्याकाळी एकीनं जाऊन दाब मोजायचा आणि वहीत लिहायचा असं आहे. ५ हजारांच्या खाली आकडा आला की ती घरी जात नाही, आधी तारेचा फेरा मारते, गवत कुठं टेकलंय, खांब कुठं कललाय ते बघते.

आज ती पाळी आमच्या थोरल्या काकूंची आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्या आकडा लक्षात ठेवून येतात आणि नातवाकडून वहीत चढवतात. वहीतले सगळ्यांत नेमाचे आकडे त्यांचेच आहेत.